महिला गट : नोंद नाही

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रथमच म्हणे!

सकाळी पेपर उघडला तर अर्धं पान — विभागीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेला पंच्याहत्तर वर्षं. स्पर्धेच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय. खाली चौकटी. पुरुष गटाचे वर्षवार विजेते, उपविजेते, कोणत्या वर्षी वादळात गोलपोस्ट उडून गेला तेसुद्धा. आणि शेवटी — 'महिला गट बारा वर्षांपूर्वी प्रथमच सुरू झाला.'

मग एक्केचाळीस वर्षांपूर्वी टेलिफोन एक्स्चेंजच्या गोलमध्ये हाफ पँट घालून कोण उभं होतं? माझं भूत?

तीन वर्षं झाली होती आमची स्पर्धा. तीन! पहिल्या वर्षी काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुली जिंकल्या. पुढची दोन वर्षं हॉस्पिटलच्या नर्सेस. आम्ही दोनदा सेमीफायनलला गचकलो आणि तिसऱ्या वर्षी — ते आज नको.

चहा गार झाला. दुसरा केला नाही. एकटीसाठी दोनदा पातेलं कोण घासणार?

१२ नोव्हेंबर

परत वाचलं. तेच लिहिलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पेपरात पत्ता होता. गेले. संघटनेचं कार्यालय म्हणजे दातांचा दवाखाना निघाला! कार्यवाह स्वतः दंतवैद्य. रांगेत बसले. माझ्या आधी गाल सुजलेले एक आजोबा, त्यांच्याआधी एक रडकी मुलगी. नंबर आल्यावर आत गेले, तर त्यांनी मला काही बोलू न देता खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा लावला.

"काय त्रास होतोय?"

"महिला गट," म्हटलं.

दिवा बंद केला बिचाऱ्यांनी.

माणूस चांगला आहे. पन्नाशीचा, हळू बोलणारा. कपाट उघडून दाखवलं — वरच्या कप्प्यात प्लास्टरचे जबडे, खालच्या कप्प्यात संघटनेची दप्तरं. आमच्या तीन वर्षांच्या सभांची वही माझ्यासमोर पानन् पान उलटली. पंचांची शिट्टी कोणी द्यायची यावर दोन पानं वाद घातलाय. आमच्याबद्दल शब्द नाही.

"मावशी, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण एखादा फोटो, कात्रण, मेडल? काहीतरी कागद लागेल. नुसत्या आठवणीवर कसं छापू?"

फोटो एक होता. पेपरात आला होता, मी कापून ठेवला होता. दादाने फाडला. "घरातली मुलगी उघड्या पायांनी गावभर!" मेडलही होतं, उपविजेत्यांचं. मी घ्यायला गेलेच नाही.

यातलं काही सांगितलं नाही. "बघते," म्हटलं.

"आलाच आहात तर दातही बघू का?"

एक दाढ किडलीय म्हणे. म्हणजे एक काम तरी झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वहिनीचा फोन. दर रविवारी करते — दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींची हजेरी घेतो. तिच्याशी बोलायला तोंड उघडलं तर घसा खरखरला. शुक्रवारनंतर कोणाशी बोललेच नव्हते! एके काळी दिवसाला पाचशे वेळा 'नंबर प्लीज' म्हणायची मी.

सगळं सांगितलं तिला. म्हणाली, "तुला आता काय पडलंय त्याचं? गुडघे सांभाळ." मग जरा थांबून, "मला आठवतंय ना. तू त्या दिवशी घरी आलीस आणि बादलीत हात बुडवून बसलीस. तासभर. मी विचारलं लागलंय का, तर म्हणालीस, नाही, धुतेय."

हे मी पार विसरले होते. वहिनी विसरली नाही. बघ, कागद नसला तरी साक्षीदार आहे!

पण बादलीची साक्ष दंतवैद्याला कशी चालणार?

१९ नोव्हेंबर, बुधवार

पेन्शनरांच्या यादीतून संघ शोधला. सहा जणी गेल्या. दोघी परदेशात मुलांकडे, त्यांचे नंबर लागत नाहीत. कॅप्टन — बिलांच्या विभागातली, भारी फटकळ — तीही गेल्या वर्षी गेली. यादीत एकीच्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. मीच आहे ती.

राहिली लंबू. ती यादीत नाही. तिने लग्नाआधी नोकरी सोडली.

लंबू म्हणजे आमची राइट बॅक. पावणेसहा फूट. एक्स्चेंजच्या स्विचबोर्डवर माझ्या शेजारची खुर्ची तिची. पाच वर्षं आमच्या कोपरांच्या मध्ये वीतभर जागा होती. एकीचा डबा, दुसरीचा चमचा. माझं नाव तिनेच ठेवलं — डिंक. चेंडू हाताला आला की सुटायचा नाही म्हणून. सगळं मैदान ओरडायचं, "डिंक! डिंक!"

मला त्या नावाने हाक मारलेली ऐकून एक्केचाळीस वर्षं झाली.

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, एवढं माहीत आहे. लग्नाची पत्रिका मला आली नव्हती. दुसऱ्यांकडून कळलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चष्म्यांची अकरा दुकानं. सगळ्यांना फोन. दोघांनी मला चष्मा विकायचा प्रयत्न केला. एकाने तर डोळ्यांचा नंबरही विचारून घेतला! आठव्या दुकानात पत्ता लागला. "हो, आमच्या आई. घरी असतात. नंबर घ्या."

लिहून घेतला. तसा लिहायची गरज नव्हती. नंबर एकदा ऐकला की माझ्या डोक्यात बसतो, माणसं सुटतात.

उद्या करते.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल धीर झाला नाही. आज अकराला केला.

सुनेने उचलला. मी म्हटलं, एक्स्चेंजमधली मैत्रीण बोलतेय, जुनी. ती आनंदाने ओरडली, "आई, तुमच्या एक्स्चेंजमधल्या कोणीतरी!" चपलांचा आवाज आला. जवळ आला. थांबला.

मी म्हटलं, "लंबू, मी गं. फुटबॉलच्या स्पर्धेचं —"

पुढे कोणी बोललं नाही. तीस वर्षं लोकांच्या गप्प बसण्यावर कान ठेवून काढलीत मी. लाइन तुटलेली शांतता वेगळी असते, माणूस दुसरीकडे बघत असलेली वेगळी, आणि श्वास धरून ठेवलेली वेगळी. ही तिसरी होती.

मग म्हणाली, "राँग नंबर."

आणि ठेवला.

मला! राँग नंबर मला!

२४ नोव्हेंबर

काही नाही.

२५ नोव्हेंबर

काही नाही. दाढ ठणकतेय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ते लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

तिसऱ्या वर्षीची फायनल. आम्ही विरुद्ध नर्सेस. मैदानाच्या चारही भिंतींवर माणसं बसली होती. काही आमची मजा बघायला आली होती, पण हाफ टाइमनंतर हसायची थांबली. आदल्या दिवशी टँकरवाल्याने पाणी जास्त मारलं होतं, गोलसमोर नुसता चिखल. एक गोल आमचा, एक त्यांचा. तीन-चार मिनिटं उरली असतील. त्यांना कॉर्नर मिळाला.

चेंडू उंच आला. मी उडी मारली. सगळ्यांच्या वर होते मी! दोन्ही पंजे चेंडूवर बसले. ओल्या चामड्याचा तो गारवा आत्ता लिहितानाही हाताला लागतो. धरला होता. धरलाच होता!

आणि मग हातात काही नव्हतं. मी तोंडावर चिखलात. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज आला. त्यांच्या बाजूच्या भिंतीवरच्या माणसांचा.

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या चिखल खरवडत बसल्या. शेवटी कॅप्टन म्हणाली, "डिंक वाळला." दोघीतिघी हसल्या. लंबू हसली नाही. ती खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होती. सोडतच होती. मला वाटलं, हिला माझं तोंडही बघवत नाही.

महिन्याभराने तिने नोकरी सोडली.

पुढच्या वर्षी स्पर्धा भरली नाही. साहेब म्हणाले, तुम्ही जिंकला असतात तर वरच्यांकडे शब्द टाकला असता. नर्सेसचं हॉस्पिटल एकटं किती रेटणार? काडेपेटीचा कारखाना तेव्हा बंदच पडला. म्हणजे हिशेब सरळ आहे. चेंडू सुटला, कप गेला, लंबू गेली, स्पर्धा गेली. एका हातातून किती गोष्टी सुटतात!

मी गोलमध्ये परत उभी राहिले नाही. पोरांचा चेंडू रस्त्यात पायाशी आला तरी बाजूला होते.

२ डिसेंबर, मंगळवार

दाढ काढली. तोंडात कापूस असताना दंतवैद्य म्हणाले, "मावशी, तुमच्या विरुद्ध कोण खेळलं ते शोधलंत का? हरलेल्यांकडे कागद नसतात. जिंकलेल्यांकडे असतात."

मला बोलता येत नव्हतं, नाहीतर काहीतरी खरमरीत बोलले असते. पण खरंच की! इतके दिवस मी आपल्याच माणसांत शोधत बसले.

५ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन चौकशी केली. शेवटचा गोल मारणारी ती किडकिडीत फॉरवर्ड — तिला सगळे सुई म्हणायचे, कशातूनही आरपार जायची — ती मेट्रन होऊन निवृत्त झालीय. बहिणीच्या घरी माडीवर राहते.

चांगली नर्स आहे म्हणे, सगळ्यांना आवडायची. असेल.

७ डिसेंबर, रविवार

गेले सुईकडे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. वॉकर धरून दारापर्यंत आली. आता किडकिडीत वगैरे काही नाही. मी नाव सांगणार, तेवढ्यात तिने माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं.

"डिंक ना गं तू?"

मी चपलांसकट आत गेले.

तीन तास! तीन तास बोलत होतो आम्ही. मी जास्त. तिला सगळं आठवतंय — टँकरचं पाणी, भिंतीवरची माणसं, आमच्या कॅप्टनच्या शिव्या. म्हणाली, "तुझ्यासमोर आलं की आमच्या पायात गोळे यायचे. हॉस्टेलमध्ये आम्ही पैज लावायचो, डिंकला गोल कोण मारणार."

"तूच मारलास ना शेवटी," म्हटलं.

"मी कसला मारला? माझ्या पायाशी पडला, मी ढकलला. एवढी गर्दी होती, मला तर कळलंच नाही कसा आला."

म्हटलं, माझ्या हातून सुटला. ती "असेल बाई" म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली. जिंकणाऱ्याला काय, एका वाक्यात संपतं.

कागद आहे तिच्याकडे! लसीच्या दाखल्यांच्या फायलीत. संघटनेचा शिक्का, तारीख, 'महिला अजिंक्यपद स्पर्धा, वर्ष तिसरे, विजेता संघ', खाली कार्यवाहांची सही. माझ्याकडे देताना म्हणाली, "घेऊन जा. परत आणून द्यायला मात्र तूच ये. पोस्टाने पाठवलास तर बघ."

परत येताना जिन्यात लक्षात आलं, मी गुणगुणतेय.

९ डिसेंबर, मंगळवार

दंतवैद्यांनी कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला. मग चष्मा काढला.

"ही सही माझ्या वडिलांची आहे."

त्यांचे वडील तेव्हा कार्यवाह होते! सही स्वतः करायची आणि वहीत ओळही लिहायची नाही. त्यांना फार लागलं ते. म्हणाले, "पुरुषांचे क्लब मैदानासाठी भांडायचे, एवढं मला आठवतं. बाबा भांडणाला फार घाबरायचे." मग म्हणाले, "छापू. तिन्ही वर्षं छापू. तुम्ही फायनलवर दीडशे शब्द लिहून द्या. बघणाऱ्याने लिहिलेलं वेगळं असतं."

मी बघणारी नाही, पडणारी. पण हो म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार

चार वेळा लिहिलं. चार वेळा शेवटाशी येऊन अडकते.

कागद परत द्यायला सुईकडे गेले तेव्हा तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "अगं, लिही की जबरदस्त फटका होता, कोणालाच अडवता आला नसता! तुझंही झाकेल, माझीही शान!" दोघी हसलो. मोह झाला, खोटं कशाला बोलू. ज्यांनी बघितलं त्यांतल्या किती उरल्यात? एक ही, एक मी, आणि एक राँग नंबर.

पण एक्केचाळीस वर्षं आम्हाला खोटं पाडलं म्हणून मी दारोदार फिरले. आणि आता नोंद होतेय तर मीच खोटं लिहू?

'एक्स्चेंजच्या गोलरक्षिकेच्या हातून चेंडू सुटला.' लिहिलं. नेऊन दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

वहिनीला बरं नाही. तिचा मुलगा तिला आपल्या गावी घेऊन गेला. रविवारचा फोन आता कधी येईल, कधी नाही.

११ जानेवारी, रविवार

नाही आला.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक आलं. सभागृहात मोठा समारंभ. पुरुषांच्या जुन्या विजेत्या संघांना पुढच्या रांगा, मी नवव्या रांगेत. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. सुईला गुडघ्यांनी येऊ दिलं नाही. दंतवैद्य भाषणात म्हणाले, "एक चूक आम्ही या पुस्तकात दुरुस्त केली आहे." टाळ्या पडल्या. कोणती चूक, कोणी विचारलं नाही. त्यांनी व्यासपीठावरून मला शोधून हात केला. मीही केला. बाजूच्या गृहस्थांना वाटलं मी त्यांना केला, त्यांनी मान डोलावली.

दोनशे वीस पानं. आम्ही पान एकशे बेचाळीसवर. तीन वर्षं, तीन विजेते, तीन उपविजेते. माझे दीडशे शब्द कापून एक वाक्य ठेवलंय: 'तिसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत टेलिफोन एक्स्चेंजच्या गोलरक्षिकेच्या हातून चेंडू सुटल्याने परिचारिका संघाने २–१ असा विजय मिळवला.'

भिंतीवरची माणसं गेली. टँकर गेला. असू दे. आहोत आम्ही. छापलोय!

घरी येऊन ते पान मोठ्याने वाचलं. घरात आवाज घुमला, मीच दचकले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दंतवैद्यांनी दोन प्रती दिल्या होत्या. दुसरी चष्म्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवली. तिच्या नावाने. चिठ्ठी घातली नाही. काय लिहिणार? तुझा कप मी घालवला, हे तिला माहीतच आहे. आता छापूनही आलं, एवढंच कळावं.

पोस्टातून बाहेर पडल्यावर वाटलं, उगाच पाठवली.

२६ फेब्रुवारी

सुईने फोन करून पानभर तक्रारी सांगितल्या — गुडघा, बहीण, बहिणीचं मांजर. छान वाटलं ऐकून.

४ मार्च, बुधवार

पोच नाही. पार्सल परतही आलं नाही. म्हणजे मिळालंय.

नसेल बोलायचं तर नसेल. मीही आता तो नंबर डोक्यातून काढायचा प्रयत्न करतेय. जात नाही.

९ मार्च, सोमवार

दुपारी लंबू आली. एकटीच. तीन मजले चढून धापा टाकत होती. बस म्हटलं तर बसली नाही. हातात पुस्तक. उभ्यानेच बोलली, पाठ केल्यासारखं:

"तुझ्या हातून सुटला नाही. मागून मी उडी मारली. माझं कोपर तुझ्या मनगटावर बसलं. तू तोंडावर पडलीस, तुला दिसलं नाही. खोलीत त्या तुला बोलत होत्या तेव्हा मला वाटलं, उद्या सांगेन. मग उद्या. मग लग्न झालं. फोनवर तुझा आवाज ओळखला, म्हणूनच राँग नंबर म्हटलं."

मग बसली. आणि रडायला लागली. मी पाणी दिलं. ती गेल्यावर पान एकशे बेचाळीस परत उघडलं.

दोनशे वीस पानांच्या त्या इतिहासात माझ्याबद्दल एकच वाक्य आहे. ते मीच लिहिलंय. आणि ते खोटं निघालं.